तोडलेल्या उसातली साखर जाते कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात कारखान्यांच्या आवाराबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले : ‘ऊस दोन दिवस पडून राहिला तर पाणी तेवढं उडतं, साखर कुठं जाते?’ दुसरे : ‘वाळका ऊस चावून बघा, ताज्यापेक्षा गोड लागतो.’ पहिले वाक्य साफ चुकीचे आहे. दुसरे खरे आहे, पण त्यावरून साखर वाढली असा जो अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, उसाच्या पेशीतले इन्व्हर्टेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम. आठवी-दहावीच्या वर्गात विकरे शिकवताना लाळ आणि जठररस यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही. आपल्या सीमाभागात मात्र विकराचे काम हजारो टन उसात रोज चालू असते आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो. म्हणून हा विषय थोडा तपशिलात मांडत आहोत.

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. त्याच्या एका रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन घटक एका बंधाने जोडलेले असतात. इन्व्हर्टेज तो बंध पाण्याच्या एका रेणूच्या साहाय्याने तोडते. रेणुभाराचा हिशेब सोपा आहे : ३४२ किलो सुक्रोज आणि १८ किलो पाणी मिळून १८० किलो ग्लुकोज आणि १८० किलो फ्रुक्टोज तयार होते. म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थाचे वजन घटत नाही, उलट सुमारे पाच टक्क्यांनी वाढते. शिवाय फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड असते आणि उसातले पाणी उडाल्यामुळे रस घट्ट झालेला असतो. जिभेला गोडी वाढल्यासारखी वाटते ती त्यामुळे. हातातले ब्रिक्समीटरही इथे उपयोगाचे नाही, कारण ते एकूण विरघळलेला भाग मोजते, त्यातले सुक्रोज किती हे सांगत नाही. शिळ्या उसाचा ब्रिक्स चढलेला दिसतो आणि आत स्फटिक होणारी साखर घटलेली असते.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे पोत्यात भरण्यासारखे साखरेचे दाणे कारखान्यात होत नाहीत. ते मळीत, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या काळ्या पाकात, जातात आणि जाताना आणखी थोडे सुक्रोजही स्फटिक होऊ न देता सोबत नेतात. एक टन उसात १३० किलो सुक्रोज धरले आणि त्यातले १० किलो फुटले, तर तोटा १० किलोवर थांबत नाही तो यामुळे.

आता हे विकर नेमके करते काय? विकर म्हणजे बहुतेक वेळा प्रथिन : शेकडो अमिनो आम्लांची एक लांब साखळी, जी विशिष्ट पद्धतीने दुमडून गोळा झालेली असते. त्या गोळ्यावर एक खाच असते आणि खाचेत सुक्रोजचा रेणू बसतो. इन्व्हर्टेजच्या खाचेत दोन अमिनो आम्लांचे काम मोक्याचे असते, एक ॲस्पार्टिक आम्ल आणि दुसरे ग्लुटामिक आम्ल. ग्लुटामिक आम्ल आपल्याजवळचा हायड्रोजन दोन साखरांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला देते. त्याच वेळी ॲस्पार्टिक आम्ल फ्रुक्टोजच्या कार्बनला धरते. बंध तुटतो, ग्लुकोज सुटून निघून जाते. फ्रुक्टोज क्षणभर विकरालाच चिकटून राहते. मग पाण्याचा रेणू खाचेत शिरतो, फ्रुक्टोजला सोडवतो आणि ग्लुटामिक आम्लाला त्याचा हायड्रोजन परत मिळतो. खाच पुन्हा होती तशी मोकळी. विकर खर्च झाले नाही, बदलले नाही. पुढचा रेणू आत घ्यायला ते तयार आहे. म्हणूनच चिमूटभर विकर क्विंटलभर साखर फोडू शकते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विकर जिवंत नसते. सजीव पेशी ते बनवते, पण पेशीच्या बाहेरही ते काम करते. जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी चिरडून, गाळून घेतलेल्या रसाने साखर आंबवून दाखवली आणि त्यासाठी १९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दुसरी गोष्ट, विकर एखादी अशक्य क्रिया शक्य करत नाही. सुक्रोज साध्या पाण्यातही आपोआप फुटतेच, पण नेहमीच्या तापमानाला त्यासाठी शेकडो वर्षे लागतील. क्रिया सुरू होण्यासाठी ऊर्जेचा जो चढ पार करावा लागतो, तो विकर कमी करते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. उपमा चांगली आहे, पण अपुरी आहे. कुलूप ताठ असते. विकराची खाच मात्र रेणू आत आल्यावर थोडी वळते, त्याच्याभोवती आवळते, आणि त्या ताणातच बंध तुटायला मदत होते. डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्ये मांडलेला हा विचार वर्गात फळ्यावर काढून दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

मग उसाने स्वतःचीच साखर फोडणारे विकर बाळगावे कशाला? वाढीसाठी. सुक्रोज ही उसाची साठवण आणि वाहतुकीची साखर आहे. नवे पान, नवे कांडे, नवे मूळ तयार करायचे तर तिचे तुकडे करावे लागतात. म्हणून कोवळ्या, वाढत्या भागात इन्व्हर्टेज भरपूर असते आणि पक्व होत आलेल्या खालच्या कांड्यांत ते कमी होत जाते. वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या पाल्याला, लागून असलेली वरची दोन-तीन कोवळी कांडी कारखान्याला नको असतात त्याचे कारण हेच. तिथे सुक्रोज कमी आणि फुटलेली साखर जास्त असते, विकर तर भरपूर. वजन वाढावे म्हणून शेंडा ठेवून मोळी बांधली की ते सगळे सरकीत दगड घातल्यासारखे चरकात जाते.

ऊस तोडला म्हणजे तो लगेच मेला असे नाही. शेंडा छाटल्याबरोबर खालच्या डोळ्यांवरचा वाढीचा लगाम सुटतो आणि डोळे फुगू लागतात. त्यांना खाद्य हवे असते. पेशींचा श्वासही चालू असतो. मुळांकडून पाणी येणे बंद झाल्याने पेशी सुकतात, त्यांची पटले सैल पडतात, आणि पेशीभित्तीजवळचे विकर व आतली साखर एकत्र येतात. तोडीनंतर इन्व्हर्टेजची क्रिया वाढते ती अशी.

ती किती वेगाने होईल हे मुख्यतः तापमान आणि आम्लता यांवर ठरते. ढोबळ नियम असा की, सोसवेल त्या मर्यादेत दर दहा अंशांना विकराचा वेग साधारण दुप्पट होतो. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे पारा १५ अंशांच्या आसपास असतो, मार्चच्या दुपारी ३५ च्या वर. वीस अंशांचा फरक म्हणजे वेग चौपट. डिसेंबरात तोडलेल्या उसाला जी सवलत मिळते ती मार्चमध्ये मिळत नाही, ती यामुळे. वरची मर्यादाही लक्षात घ्यावी. साठ अंशांच्या पुढे बहुतेक विकरांची घडी उसकटू लागते, खाचेचा आकार बिघडतो, आणि थंड केल्यावर तो परत येत नाही. थंडीने विकर फक्त मंदावते. ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागते.

आम्लतेचे कारण वर सांगितलेल्या खाचेतच आहे. ग्लुटामिक आम्लाजवळ देण्यासाठी हायड्रोजन हवा आणि ॲस्पार्टिक आम्लाजवळ तो नको. दोन्ही अटी साधारण ४.५ ते ५.५ सामूला (सामू म्हणजे पीएच, आम्लतेचे माप) एकदम पुऱ्या होतात. आणि ताज्या उसाच्या रसाचा सामू असतो ५ ते ५.५. म्हणजे आम्ल इन्व्हर्टेजला जे हवे ते रसात आयतेच मिळते.

आणखी एक मुद्दा, जो फारसा सांगितला जात नाही. बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाच्या डॉक्टर मॉड मेन्टेन यांनी १९१३ मध्ये विकरांच्या वेगाचे जे समीकरण मांडले, त्याचे प्रयोग इन्व्हर्टेजवरच केले होते. साखर वाढवत नेली तर वेग वाढतो, पण एका हद्दीनंतर वाढत नाही, कारण सगळ्या खाचा भरलेल्या असतात. उसाचा रस या हद्दीच्या खूप पुढे असतो. त्यामुळे थोडी साखर फुटली म्हणून विकराचा वेग उतरत नाही. दुसऱ्या दिवशी नासाडी आपोआप मंदावेल, या आशेत तथ्य नाही. मिखाएलिस-मेन्टेन यांनी मोजणीसाठी जे उपकरण वापरले तेच आज प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असते : पोलारीमीटर. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते (विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश), पूर्ण फुटलेले मिश्रण डावीकडे, उणे २० च्या आसपास. दिशा उलटते (इन्व्हर्ट म्हणजे उलटवणे), म्हणून या विकराला ते नाव मिळाले.

सगळा दोष इन्व्हर्टेजला देता येणार नाही. तोडीच्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. त्यांचे विकर सुक्रोजमधले ग्लुकोज जोडत जाऊन डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवते. रस बुळबुळीत होतो, गाळण अडते, साखरेचे दाणे लांबट येतात. त्यातून डेक्स्ट्रान सुक्रोजपेक्षा जवळजवळ तिप्पट उजवे वलन दाखवते, त्यामुळे पोलचा, म्हणजे पोलारीमीटरने मोजलेल्या साखरेचा, आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. पेटवून तोडलेल्या उसात हा धोका सर्वांत मोठा, कारण आगीने साल तडकते, पेशी मरतात आणि जिवाणूंना सगळीकडून वाट मिळते. टोळी मिळत नाही म्हणून फड पेटवावा लागतो, ही अडचण आम्हाला समजते. पण पेटवलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेलाच पाहिजे. एकदा फड पेटवला की थांबण्याची मुभा संपली.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे? ट्रॉली दाराशी येण्याची खात्री झाल्याशिवाय कोयता लावू नये. तोड जमिनीलगत व एका घावात व्हावी. ठेचलेले, चिरलेले बुडखे म्हणजे उघडी जखम. मोळ्या उन्हात पसरून न ठेवता झाडाच्या सावलीत रचाव्यात, वर पाचटाचा जाड थर द्यावा आणि त्यावर स्वच्छ पाणी शिंपडावे. याने तापमान उतरते, वजनही कमी घटते. पाणी ओढ्याचे गढूळ असेल किंवा मोळ्या चिखलात रचल्या असतील तर फायद्याऐवजी तोटा होतो, कारण जिवाणू आपणच नेऊन ठेवतो. लागण (नवी लावण) आधी की खोडवा (आधीच्या तोडीच्या बुडख्यांतून फुटलेला ऊस) आधी हे ठरवताना नात्यागोत्यापेक्षा पक्वता बघावी. बुडख्याकडचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस तयार. ताज्या, उभ्या उसासाठी ब्रिक्समीटर उत्तम आहे. फसवते ते पडलेल्या उसात.

गुऱ्हाळवाल्यांना हा विषय अधिक जवळचा आहे, कारण त्यांना निकाल त्याच दिवशी दिसतो. फुटलेली साखर जास्त असली की गूळ वाफ्यात घट्ट धरत नाही, ढेप बसत नाही, बसलीच तर पावसाळ्याच्या हवेत पाझरते. अशा वेळी दोष गुळव्याच्या हाताला दिला जातो. अनेकदा तो उसाच्या शिळेपणात किंवा रस साठवण्यात असतो. चरकातून निघालेल्या रसात पेशी फुटून विकर आणि साखर पूर्ण मिसळलेली असतात. हौदात रस भरून ठेवायचा आणि काहील रिकामी झाली की ओतायचा, यात दोन-तीन तास गेले तरी नुकसान सुरू होते. हौद रोज धुऊन चुन्याची निवळी फिरवली नाही तर कालचे जिवाणू आजच्या रसात उतरतात. काहिलीत रस घातल्यावर आंच सुरुवातीपासून जोरात हवी. ४० ते ५५ अंशांच्या दरम्यान विकर सर्वांत वेगाने चालते, त्या टप्प्यात रस रेंगाळता कामा नये. उकळी जवळ आली की विकराचे काम संपते.

मात्र त्यापुढे साखर फुटणे थांबते असे समजू नये. उकळत्या रसात आम्लामुळे, विकराशिवायच, सुक्रोज फुटत राहते. चुन्याची निवळी घालतात ती मुख्यतः यासाठी : सामू सहा-साडेसहाच्या दरम्यान आला की फुटण्याचा वेग पडतो आणि रसातली घाणही चांगली वर येते. चुना जास्त झाला तर फुटलेली साखर करपून गुळाला काळपट रंग येतो, म्हणून थोडा थोडा घालून सामूच्या कागदाने तपासावे. भेंडीचे पाणी ही घाण गोळा करते. विकरावर त्याचा काही परिणाम नाही. पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवला तर ढेपेचा गूळ होतो. आणि रस आधीच बिघडलेला असेल तर? फुटलेली साखर पुन्हा जोडता येत नाही. त्या रसाची काकवी करावी. काकवीला १०५-१०६ अंश पुरतात, आणि तिच्यात दाणे धरू नयेत म्हणून फुटलेली साखर हवीच असते. ढेपेच्या हट्टापायी जास्त आटवून करपवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

विकर म्हणजे नुकसानच, असा समज मात्र होऊ नये. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आणि खानापुरात पिकणारी रताळी याचे चांगले उदाहरण आहे. कच्च्या रताळ्यात माल्टोज साखर जेमतेम असते. त्यातले बीटा-अमायलेज हे विकर बऱ्यापैकी उष्णता सोसणारे आहे, ७० अंशांच्या पुढेही काही काळ टिकते. रताळ्यातला स्टार्च ६५ ते ७५ अंशांना फुगून मऊ होतो आणि तेव्हाच विकराला तो फोडता येतो. चुलीच्या आरात सावकाश भाजलेले रताळे या टप्प्यात बराच वेळ राहते आणि गोड होते. मायक्रोवेव्हमध्ये तो टप्पा मिनिटा-दोन मिनिटांत मागे पडतो. रताळे शिजते, पण तितके गोड होत नाही.

शाळांसाठी एक प्रयोग सुचवतो. खर्च थोडा आहे. औषधाच्या दुकानात लघवीतील साखर तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. त्या फक्त ग्लुकोज ओळखतात, सुक्रोज नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम साखर विरघळवा. बेकरीत वापरतात ते कोरडे यीस्ट एक ग्रॅम, वीस मिलिलिटर कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा व ढवळा. यीस्टमध्येही इन्व्हर्टेज असते. चार परीक्षानळ्यांत प्रत्येकी पाच मिलिलिटर साखरपाणी घ्या. पहिलीत एक मिलिलिटर यीस्टचे पाणी. दुसरीत तेच पाणी दहा मिनिटे खळखळून उकळून गार केलेले. तिसरीत साधे पाणी. चौथी नळी आणि तिच्यात घालायचे यीस्टचे पाणी आधी बर्फात गार करा, मग मिसळा. दोन, पाच आणि दहा मिनिटांनी पट्टी बुडवा आणि डबीवर दिलेल्या वेळेलाच रंग वाचा. उशिरा वाचला तर रंग गडद दिसतो. पहिल्या नळीत रंग चढतो, दुसऱ्या-तिसऱ्यात नाही. चौथीत कमी चढतो, पण ती बर्फातून काढून हाताच्या उबेत धरली की चढू लागतो. उकळलेली नळी कितीही वेळ ठेवली तरी जागी होत नाही. थंडी आणि उष्णता यांतला फरक विद्यार्थ्याला याहून स्पष्ट कुठे दिसणार?

हीच पट्टी उसालाही चालते. ताज्या रसातही थोडे ग्लुकोज असतेच, म्हणून दहा मिलिलिटर रसात नव्वद मिलिलिटर पाणी घालून मगच तपासा. एकाच बेटातल्या उसाचे बुडख्याकडचे कांडे आणि वाढ्याजवळचे कांडे त्याच तासात तपासले तर फरक समोर येतो. त्याच बेटातले आणखी ऊस सावलीत व उन्हात ठेवून दोन आणि चार दिवसांनी पुन्हा मोजावेत, प्रत्येक वेळी त्याच उंचीवरचे कांडे घेऊन. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी : यीस्ट जुने असते, किंवा पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहते. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही दोन विकरेच वाळवून बसवलेली असतात. दमट हवेत ती निकामी होतात.

शेवटी एक मागणी. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात आणि एफआरपी (उसाचा सरकारी रास्त व किफायतशीर दर) कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर, ठरते, अलीकडच्या हंगामांत १०.२५ टक्के हा पाया धरून. कुणाचा ऊस किती तास पडून होता, हे या हिशेबात कुठेच दिसत नाही. रांगेत थांबल्याने वजन घटते तो तोटा एकट्या शेतकऱ्याचा, आणि साखर फुटते तो सगळ्यांच्या उताऱ्यातून जातो. म्हणून तोडीची तारीख आणि तास प्रत्येक पावतीवर लिहिला जावा, वजनकाट्यावर ट्रॉली पोचल्याची वेळ त्याखाली यावी, आणि या दोन वेळांतले अंतर दर पंधरवड्याला गटवार फलकावर लावावे. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, संकेश्वरला ऊस संशोधन केंद्र आहे. या नोंदी कशा ठेवाव्यात आणि नमुने कसे तपासावेत, हे सांगणारी माणसे दूर नाहीत. फेब्रुवारीनंतर ऊन चढते, तेव्हा ही नोंद निदान जानेवारीअखेर तरी सुरू व्हावी.

आपले,
जीवशास्त्र व कृषी विषयाचे काही शिक्षक,
बेळगाव–खानापूर–निपाणी